चुगली नव्हे, चूक कळवणं!

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. तुमची ही मॅडम चुकली होती. आणि एक-दोन दिवस नाही, चांगली दोन वर्षं चुकत होती!

त्याचं असं झालं. आमच्या वर्गात फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘आजचा वाढदिवस’ अशी एक चौकट आखलेली असते. ज्याचा वाढदिवस असेल, त्याचं नाव तिथे रंगीत खडूनं लिहायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि त्या दिवशी त्यानं प्रार्थनेला पुढे उभं राहायचं, असा आमचा रिवाज. गेल्या वर्षी १ ऑगस्टला मी एका मुलीचं नाव लिहिलं. त्याच्या आदल्या वर्षीही १ ऑगस्टलाच लिहिलं होतं. दोन्ही वेळा ती गुपचूप पुढे आली, टाळ्या घेतल्या, ‘थँक्यू’ म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

यंदा जुलैमध्ये शाळेतल्या नोंदी आधार कार्डाशी जुळवून बघायचं काम निघालं. कॉम्प्युटरवर मी एकेका मुलाची माहिती भरत होते. या मुलीपाशी आल्यावर गाडी अडली. कॉम्प्युटर म्हणे, जुळत नाही! जन्माचा दाखला मागवला. त्यावर तारीख होती ९ ऑगस्ट. आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात होती १ ऑगस्ट! मराठी १ आणि ९ किती सारखे दिसतात, ठाऊक आहे ना? घाईत लिहिलेल्या एका चिठ्ठीवरून ती तारीख रजिस्टरात उतरवली गेली होती. अंकात तर चुकलंच, पण शेजारच्या रकान्यात अक्षरातही ‘एक ऑगस्ट’ असं ठसठशीत लिहिलेलं. अक्षर कुणाचं? माझंच!

मी तिला जवळ बोलावलं. “बाळा, तुझा वाढदिवस कधी असतो गं?”

“नऊ तारखेले, मॅडम. क्रांतिदिनाले.”

“मग दोन वर्षं एक तारखेला टाळ्या घेतल्यास, तेव्हा सांगितलं काहून नाही?”

ती मान खाली घालून म्हणाली, “तुमीच तं लिहिलं होतं, मॅडम. मले वाटलं, मॅडमचं कसं चुकन? आन् सांगतलं असतं तं तुमाले राग आला असता.”

घरी नऊ तारखेला औक्षण आणि शाळेत एक तारखेला टाळ्या! दोन वर्षं त्या पोरीनं दोन-दोन वाढदिवस सांभाळले, पण मॅडमची चूक मॅडमला सांगितली नाही. मला वाईट वाटलं. तिच्याबद्दल नाही, माझ्याबद्दल. डी.एड.ला असताना रजिस्टर कसं भरायचं, खाडाखोड कशी टाळायची, हे सगळं शिकले होते. पण मुलांना बाईंची चूक बिनधास्त सांगता येईल, असा वर्ग कसा करायचा, ते मात्र राहूनच गेलं होतं.

रजिस्टरातली जन्मतारीख काही रबरानं खोडून बदलता येत नाही. अर्ज, पुरावा, वरच्या कार्यालयाची परवानगी असं सगळं करावं लागतं. ते मी लगेच सुरू केलं. पण मनात एक प्रश्न घोळत राहिला. चूक सांगणाऱ्यावर कुणी डोळे वटारत नाही, उलट त्याचे आभार मानतात, असं एखादं ठिकाण जगात असेल का?

आहे, दोस्तांनो! आणि ते तुमच्या घरातल्या मोबाइलपर्यंत येऊन पोचलंय. आज त्याचीच गोष्ट.

नंबरानं बांधलेल्या वह्या

आधी हे सांगा पाहू, शाळेत तुमची माहिती किती ठिकाणी असते? दाखल-खारीज रजिस्टरात नाव आणि जन्मतारीख. हजेरीपटावर हजेरी. निकालाच्या तक्त्यात गुण. वाचनालयाच्या वहीत तुम्ही नेलेली पुस्तकं. प्रत्येक वहीत तुमची सगळी कुंडली पुन्हा लिहीत बसलो, तर हात मोडून येईल! म्हणून काय करतात? प्रत्येक मुलाला एक नंबर देतात. वाचनालयाच्या वहीत नुसतं ‘१०५ नंबर, एक पुस्तक’ एवढं लिहिलं तरी पुरे. १०५ म्हणजे कोण, ते दाखल-खारीज रजिस्टर सांगतं.

अशा तक्त्यांची आणि त्यांना जोडणाऱ्या नंबरांची व्यवस्था कॉम्प्युटरमध्ये केली की तिला म्हणतात ‘रिलेशनल डेटाबेस’. नात्यानं बांधलेल्या तक्त्यांचं कपाटच म्हणा ना! एडगर कॉड नावाच्या शास्त्रज्ञानं १९७० साली ही कल्पना मांडली. आज रेल्वेचं तिकीट असो, बँकेचं पासबुक असो की दुकानातलं बिल, मागे कुठेतरी असं एखादं कपाट उभं असतंच.

या कपाटांपैकी काही विकत घ्यावी लागतात. पण काही अशी आहेत, की ती कुणीही फुकट वापरावीत. एवढंच नाही, तर ती कशी बनवली, त्याचा सगळा मजकूर उघडून वाचावा, त्यात सुधारणाही सुचवावी. यांना म्हणतात ‘ओपन सोर्स’, म्हणजे मुक्त स्रोत. हे कसं? तर एखाद्या हॉटेलवाल्यानं तुम्हाला नुसती भजी न देता स्वयंपाकघराचं दार उघडून सांगावं, “या, बघा मी पीठ कसं भिजवतो. मीठ कमी पडलं असेल तर सांगा!” तसं.

अशी कपाटं बरीच आहेत. ‘पोस्टग्रेस’ (पूर्ण नाव पोस्टग्रेएसक्यूएल) हे अमेरिकेतल्या बर्कले इथल्या विद्यापीठात १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलं. त्याची खूण आहे निळा हत्ती. ‘मायएसक्यूएल’ आलं १९९५ साली. त्याची खूण डॉल्फिन, आणि त्यातलं ‘माय’ हे ते बनवणाऱ्या माँटी विडेनियस यांच्या मुलीचं नाव. पुढे त्यांनी आणखी एक काढलं, त्याला धाकट्या मुलीचं नाव दिलं: ‘मारियाडीबी’. आपला मराठी विकिपीडिया त्याच मारियाच्या कपाटात ठेवलेला आहे, बरं का! आणि ‘एसक्यूलाइट’ नावाचं इवलंसं कपाट तर घरातल्या जवळपास प्रत्येक स्मार्टफोनच्या पोटात असतं.

आता माणसानं केलेली वस्तू म्हटली की चूक आलीच. कॉम्प्युटरच्या कामातल्या चुकीला म्हणतात ‘बग’, म्हणजे किडा. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १९४७ साली एक अगडबंब कॉम्प्युटर बंद पडला. उघडून बघतात तर आत एक पतंग अडकलेला! तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीनं कामाच्या वहीत चिकटवून ठेवला. ती वही आजही जपून ठेवलेली आहे. पण ‘बग’ हा शब्द त्या पतंगापासून निघाला, असं मात्र समजू नका. त्याच्या कितीतरी आधी, १८७८ साली, एडिसननंही यंत्रातल्या खोडीला ‘बग’ म्हटलं होतं.

एक नंबर, दोन मुलं

आता एका बगची गंमत ऐका. त्याचा नंबर आहे १९९. हो, बगांनाही नंबर असतात! मायएसक्यूएलमध्ये कळवलेल्या प्रत्येक चुकीला नंबर देऊन ती यादीत नोंदवतात. हा १९९ नंबरचा बग २००३ च्या मार्च महिन्यात कुणीतरी कळवला.

समजा, आपल्या शाळेत शेवटचा दाखल झालेला मुलगा १०५ नंबरचा. ‘पुढचा नंबर १०६’ हे कारकुनानं कुठे लिहून ठेवलं नाही, नुसतं डोक्यात ठेवलं. दुपारी १०५ नंबरची ओळ रजिस्टरातून काढून टाकली. संध्याकाळी शाळा बंद झाली. सकाळी कारकून आले, रात्रीत डोक्यातलं विसरले. रजिस्टर उघडलं, शेवटचा नंबर दिसला १०४. म्हणाले, “मग नवा मुलगा १०५!” झालं! आता वाचनालयाच्या वहीत आधीच्या १०५ नंबरवाल्यानं नेलेलं पुस्तक या नव्या पोराच्या नावावर चढलं. तो बिचारा म्हणतोय, “मी तर आजच आलो!”

मायएसक्यूएलच्या एका भागात अगदी हेच होत होतं. पुढचा नंबर तात्पुरत्या आठवणीत ठेवला जायचा, आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं की तो तक्त्यात बघून नव्यानं मोजला जायचा. चूक कळवली २००३ मध्ये. ती दुरुस्त होऊन लोकांच्या हाती आली २०१८ च्या एप्रिलमध्ये, ८.० या आवृत्तीत. किती वर्षं झाली? करा वजाबाकी. पंधरा! ज्या साली चूक कळवली त्या साली जन्मलेलं बाळ नववी-दहावीत गेलं. तोवर ‘आमची व्यवस्था अशी अशी वागते, सांभाळून राहा’ असं माहितीपुस्तकात लिहिलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, “मग कळवून काय उपयोग, मॅडम?” उपयोग आहे ना! पंधरा वर्षं ती चूक १९९ नंबर लावून सगळ्यांसमोर उभी होती. ज्याला अडचण आली, त्याला यादीत बघून कळायचं, की हे माझ्या एकट्याचं नाही, आणि सांभाळून कसं राहायचं तेही. लपलेली चूक अंधारातल्या खड्ड्यासारखी असते. कळवलेली चूक म्हणजे कठडा लावलेला खड्डा. खड्डा बुजायला वेळ लागेल, पण निदान कुणी त्यात पडणार तरी नाही!

चूक माझी की जुनी?

आता दुसरी गोष्ट. ही आपल्या जवळची आहे. पुण्याहून काम करणारे पवन देवलासी हे निळ्या हत्तीच्या, म्हणजे पोस्टग्रेसच्या, कारागिरांपैकी एक. २००८ साली पोस्टग्रेसची ८.३ ही आवृत्ती निघाली. तीत त्यांनी केलेली एक मोठी सुधारणा होती. तिचं नाव ‘हॉट’.

ती समजायला सोपी आहे. आपल्या रजिस्टराच्या मागे एक सूची आहे असं समजा. आडनावं बाराखडीच्या क्रमानं आणि पुढे पान नंबर. सूची असली की पोरगं झटकन सापडतं. पण एखाद्या मुलाचा नुसता पत्ता बदलला, तर आडनावांच्या सूचीला हात लावायची गरज आहे का? नाही! तेवढे कष्ट वाचवायचे, ही ‘हॉट’ची युक्ती. त्यासाठी प्रत्येक कारकुनाजवळ एक चिठ्ठी असते: ‘अमुक रकान्यांची सूची आहे, त्यात बदल झाला तर सूचीतही लिहा. बाकीच्या रकान्यांसाठी नको.’

पुढे २०१७ साली देवलासी एका नव्या सुधारणेवर काम करत होते. ती कितपत टिकते हे बघायला त्यांनी यंत्रावर मुद्दाम कामाचा खूप ताण टाकला. तर काय! मध्येच हिशेब जुळेना. रजिस्टरात एक, सूचीत भलतंच! तुम्ही असता तर काय म्हटलं असतं? “हत्तीच बिघडला!” ते तसं म्हणाले नाहीत. त्यांना आधी वाटलं, चूक माझ्याच नव्या कामात असणार. बराच शोध घेतला. शेवटी लक्षात आलं, की चूक नव्या कामात नाहीच. ती आधीपासून चालत आलेल्या, जगभर वापरात असलेल्या पोस्टग्रेसमध्येच आहे!

काय होती ती? शाळा चालू असतानाच नवी सूची करायला घेतली, असं समजा. आजवर पत्त्याची सूची नव्हती, आता करायची आहे. प्रवेशाचं काम न थांबवता! म्हणून सगळ्या कारकुनांना निरोप गेला: ‘जुनी चिठ्ठी फाडा, नवी लिहा, आता पत्त्याचीही सूची आहे.’ पण नेमका त्याच क्षणी एक कारकून चिठ्ठी लिहीत होता. निरोप त्याच्या कानावर पडला, पण हातातली चिठ्ठी त्यानं जुन्या माहितीनंच पुरी केली आणि तिच्यावरच विसंबून बसला. मग एका मुलाचा पत्ता बदलला. कारकुनानं चिठ्ठी बघितली. पत्त्याची सूची? नाही! म्हणून सूचीत काहीच लिहिलं नाही.

आता नव्या पत्त्यावरून ते मूल शोधा बरं! सूची म्हणेल, “असं कुणी नाही आमच्याकडे.” मूल रजिस्टरात आहे, वर्गात बसलेलं आहे, पण सूचीच्या लेखी ते नाहीच. आणि घंटा वाजत नाही, लाल दिवा लागत नाही. चुपचाप चुकीचं उत्तर मिळतं. सगळ्यात वाईट बग तो हाच, दोस्तांनो, जो आवाज करत नाही. माझ्या रजिस्टरातल्या ‘एक ऑगस्ट’सारखा!

देवलासींनी जानेवारीच्या अखेरीस आपल्या जगभरच्या सोबत्यांना हे सविस्तर लिहून कळवलं. मग सुरू झाली चर्चा. नवी आवृत्ती निघायला जेमतेम दहा दिवस उरले होते. काही म्हणाले, लोकांची माहिती बिघडवणारी चूक कळल्यावर ती तशीच ठेवून आवृत्ती काढायची कशी? काही म्हणाले, चूक जुनी आहे, घाईघाईत दुरुस्ती केली आणि तीच चुकली तर? दोघांचंही म्हणणं बरोबर होतं ना? म्हणूनच ती चर्चा ऐकण्यासारखी. भांडण माणसाशी नव्हतं, प्रश्नाशी होतं.

अखेर टॉम लेन या अनुभवी कारागिरानं नीट तपासून दुरुस्ती केली. आणि ९ फेब्रुवारी २०१७ ला ती लोकांच्या हाती आलीसुद्धा! एका नाही, तर २०१२ पासून निघालेल्या पाचही आवृत्त्यांमध्ये. सोबत लिहिलेल्या टिपणात दोघांची नावं होती, पवन देवलासी आणि टॉम लेन. आणि लोकांना स्पष्ट सांगितलं होतं: तुमच्या सूचीत अशी गडबड झाली असल्याची शंका असेल, तर सूची पुन्हा बनवून घ्या. चूक झाकली नाही. ‘आमचं चुकलं, असं असं करा’ असं मोकळेपणानं सांगितलं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये निघालेल्या १० व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीसोबत हातभार लावणाऱ्यांची यादी छापतात. त्यात काम करणारे असतात, तपासणारे असतात आणि नुसती चूक कळवणारेही असतात! सगळी नावं एकाच यादीत, अक्षरांच्या क्रमानं. कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही.

नुसतं ‘खराब आहे’ म्हणू नका!

पण चूक कळवायचीही एक रीत आहे. आमचं जाम म्हणजे चौरस्त्याचं गाव. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा मोठा रस्ता इथून जातो आणि चंद्रपूरकडे जाणारा रस्ताही इथूनच फुटतो. रात्रंदिवस ट्रकांची वर्दळ. समजा, रस्त्यात खड्डा पडला. चहाच्या टपरीवर दहा जण म्हणतील, “रस्ता लय खराब हाय बाप्पा!” यानं खड्डा बुजेल? पण एकानं लिहून दिलं, की चौकातून हिंगणघाटकडे जाताना अमुक किलोमीटरच्या दगडाजवळ, डाव्या बाजूला, हातभर रुंद खड्डा आहे, पाऊस झाला की पाण्यानं भरतो आणि दिसत नाही. तर दुरुस्ती करणाऱ्याला थेट तिथे जाता येईल.

पोस्टग्रेसवाल्यांचंही सांगणं असंच आहे. चूक कळवताना चार गोष्टी लिहा. एक, मी सुरुवातीपासून कायकाय केलं, क्रमानं. दोन, काय व्हायला हवं होतं. तीन, प्रत्यक्षात काय झालं. चार, कुठली आवृत्ती वापरली. आणि जे दिसलं तेच लिहा. ‘मला वाटतं अमक्यामुळे झालं असेल’ अशा अंदाजांनी पान भरू नका. कारण तुमच्या पावलावर पाऊल टाकून दुसऱ्यालाही तीच चूक दिसली, तरच ती पकडता येते.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून एक जण ओरडला, “पण मॅडम, हे तं चुगली झाली!”

प्रश्न चांगला होता. मी विचारलं, “चुगलीत पहिलं काय येतं रे?” तो म्हणाला, “पोराचं नाव!” बरोबर! ‘मॅडम, यानं असं केलं.’ चुगलीत माणूस सापडवायचा असतो. चूक कळवताना वस्तू दुरुस्त करायची असते. माणसाचं नाव त्यात यायची गरजच नाही.

त्याच दिवशी आम्ही वर्गात एक वही टांगली. नाव ठेवलं ‘चूक-वही’. प्रत्येक नोंदीला नंबर, अगदी मायएसक्यूएलसारखा. पहिल्याच दिवशी एकानं लिहिलं: ‘पंखा खराब आहे.’ वर्गानंच त्याला परत पाठवलं! दुसऱ्या दिवशी तो लिहून आला: ‘खिडकीजवळचा पंखा. बटण एक-दोनवर असलं तर ठीक चालतो. तीनवर केलं की खटखट आवाज करतो. बाकीचे पंखे तीनवर आवाज करत नाहीत.’ वायरमन दादा आले, त्यांना वही दाखवली. ते हसून म्हणाले, “असं सांगणारं गिऱ्हाईक भेटलं तं अर्धं काम तिथंच होते!” पंखा सुधारला.

एकीनं लिहिलं, की भिंतीवरच्या नकाशात आणि पुस्तकात एका गावाची जागा वेगळी दाखवली आहे. नंतर तिनं स्वतःच पुन्हा पडताळलं आणि खाली लिहिलं: ‘मी दिशा उलटी धरली होती. चूक माझी.’ काही जण फिदीफिदी हसले. मी त्या नोंदीवरही बरोबरची खूण केली. देवलासींनी काय केलं होतं, आठवतं ना? आधी स्वतःचंच काम तपासलं होतं! स्वतःची चूक सापडणं हीसुद्धा सापडलेली चूकच.

आता त्या मुलीचं पुढे काय झालं, ते विचाराल. रजिस्टरातल्या दुरुस्तीची कागदपत्रं पुढे गेली आहेत, त्याला थोडा वेळ लागेल. पण फळ्यावरच्या दुरुस्तीला कुणाची परवानगी लागणार? यंदा ९ ऑगस्टला सकाळी मी चौकटीत रंगीत खडूनं तिचं नाव लिहिलं, खाली शुभेच्छा लिहिल्या. क्रांतिदिनाची माहिती सांगून झाली. ती पुढे आली. टाळ्या वाजल्या. ती ‘थँक्यू’ म्हणाली. पण जागेवर गेली नाही. फळ्याकडे बघत तशीच उभी राहिली.

“काय गं?”

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा फळ्याकडे. मग म्हणाली, “मॅडम, तुमी ‘हार्दीक’ लिहिलं. दुसरी वेलांटी पडली. पुस्तकात ‘हार्दिक’ हाय, पहिली.”

वर्ग चिडीचूप! मी फळा बघितला. खरंच की! कुठे, काय लिहिलं आणि काय हवं होतं, सगळं एका दमात सांगितलं होतं पोरीनं. मी खडू तिच्याच हातात दिला. तिनं ओल्या फडक्यानं ती वेलांटी पुसली आणि ऱ्हस्व वेलांटी काढली. मग पुन्हा टाळ्या वाजल्या. त्या वाढदिवसाच्या होत्या की चुकीच्या, ते काही मी विचारलं नाही!

चला तर मग, या आठवड्याचा तुमचा गृहपाठ. तुमच्या वर्गात, घरात किंवा गावात एक चूक शोधा. माणसाची नाही हं, वस्तूची! नळ, घड्याळ, पाटी, वेळापत्रक, काहीही चालेल. आधी खात्री करा, की चूक आपली तर नाही ना. मग चार ओळी लिहा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि कुठे. ज्याच्या हातात दुरुस्ती आहे, त्याला त्या नेऊन द्या.

आणि हो, या लेखातही एखादी चूक राहिली असेल, तर सांगायला लाजू नका. मॅडमला राग येणार नाही. शपथ!